नाण्यावरची ती रेष: डाय क्रॅक की नुसता ओरखडा?

माझ्याकडे एक पाकीट होतं. वर पेन्सिलीनं ‘तडे’ असं लिहिलेलं. ज्या नाण्यावर आडवीतिडवी रेष दिसेल ते नाणं मी त्यात टाकत गेलो. एकदा छतावरची ट्यूब गेली म्हणून एकच लहान दिवा टेबलाच्या कडेला ठेवला आणि सहज ते पाकीट उपडं केलं. ३१ नाणी होती. तासाभरात त्यातली ९ उरली. बाकीच्यांत ओरखडे होते, पॉलिशच्या रेषा होत्या, एकावर वाळलेला गोंद होता आणि एकावर, सांगायला लाज वाटते, चिकटलेला केस होता. इतके दिवस भिंग लावून जे कळलं नव्हतं ते दिवा खाली आणल्याबरोबर दिसलं.

तडा म्हणजे टांकसाळीतली चूक, ओरखडा म्हणजे नंतरचं नुकसान; पण दोन्हींत गोंधळ पुन्हा पुन्हा होतो, आणि फक्त नवख्यांचाच होतो असंही नाही. म्हणून रेष दिसली की मी काय बघतो आणि कुठे फसलोय ते लिहून ठेवतो.

आधी, तडा जातो कशाला

नाणं पाडताना धातूची कोरी चकती दोन पोलादी डायच्या, म्हणजे नक्षी कोरलेल्या ठशांच्या, मध्ये दाबली जाते. बाजूनं कॉलर नावाचं कडं तिला आवरून धरतं. डायवर नक्षी खोल असते, म्हणून नाण्यावर ती उठून येते. डायचं पोलाद कडक केलेलं असतं, आणि कडक म्हणजे ठिसूळही आलंच. दर ठोक्याला कित्येक टनांचा दाब, आणि आधुनिक टांकसाळीत एकेक डाय असे लाखो ठोके खाते. शेवटी कुठेतरी पोलाद तडकतं. पुढच्या ठोक्याला चकतीचा धातू जसा नक्षीच्या खळग्यात शिरतो तसाच त्या फटीतही शिरतो. डायवर फट, तर नाण्यावर उंचवटा. आपण सवयीनं ‘नाण्याला तडा गेलाय’ म्हणतो, पण तडा गेलेला असतो डायला.

ओरखड्याचं उलट आहे. नाणं तयार होऊन बाहेर पडलं, मग कुठे तरी किल्लीला घासलं, मोजणीच्या यंत्रात अडकलं, कुणी स्टेपलरची पिन ओढून काढली. तिथे चर पडतो.

म्हणजे पहिला प्रश्न एवढाच: रेष वर आलीय की खाली गेलीय? ऐकायला किती सोपं! पण निम्मे घोटाळे इथेच होतात.

वर की खाली ते कळतच नाही, तेव्हा

आपला मेंदू धरून चालतो की उजेड वरून येतोय. फोटो काढताना दिवा खालच्या अंगाला असेल, तर चर उंचवट्यासारखा दिसतो आणि उंचवटा चरासारखा. चंद्रावरच्या विवरांचा फोटो उलटा धरला की टेकड्या दिसायला लागतात, तोच हा प्रकार. त्यात फोनचा कॅमेरा चित्र धारदार करण्याच्या नादात प्रत्येक रेषेच्या कडेला पांढरी झालर लावतो. त्या झालरीमुळे साधा चराही उठून आलेला वाटतो. म्हणून कुणी नुसत्या एका फोटोवरून विचारलं तर मी उत्तर देत नाही. उजेड बदलून आणखी दोन फोटो मागतो.

बाकीचे दिवे बंद करा. एकच दिवा नाण्याच्या डाव्या हाताला, टेबलापासून जेमतेम वर ठेवा, म्हणजे उजेड नाण्यावरून जवळजवळ सरपटत जाईल. आता रेषेकडे बघू नका, आधी शेजारच्या अक्षराकडे बघा. अक्षर उठावाचं आहे हे आपल्याला माहीत आहे. त्याची डावी, म्हणजे दिव्याकडची कड चकाकते आणि उजवीकडे सावली पडते. मग रेष बघा. तिचीही दिव्याकडची बाजू चकाकत असेल तर ती वर आलेली. दिव्याकडची बाजू काळी आणि पलीकडची चकाकती असेल तर तो चर. एकाच चौकटीत खात्रीची वस्तू आणि संशयाची वस्तू शेजारी शेजारी असल्या की डोळा फसत नाही. (नक्षीच खोलगट असलेली नाणी मात्र सांभाळून. अमेरिकेत १९०८ पासून निघालेली अडीच आणि पाच डॉलरची सोन्याची नाणी तशी आहेत. तिथे अक्षराशी तुलना उलटी वाचावी लागते.)

तरी शंका असेल तर दिवा न हलवता नाणं अर्धं फिरवा. उंच किंवा खोल रेष असेल तर तिची आधी अंधारात असलेली कड आता उजळते आणि उजळ होती ती काळी पडते. नुसता डाग असेल तर काहीच बदलत नाही, काळा तो काळाच.

संगणकाला जोडायच्या छोट्या सूक्ष्मदर्शकांत भिंगाभोवती दिव्यांचं कडं असतं. चहूबाजूंनी सारखा उजेड म्हणजे सावलीच नाही, आणि सावली नाही म्हणजे उठाव दिसत नाही. ते कडं बंद करून बाजूचा दिवाच वापरा. भिंग दहापट पुरे. त्याहून मोठं केलं की नाण्यावरचा कण न् कण तडा वाटायला लागतो.

चराच्या कडा

ओरखडा पडताना धातू नाहीसा होत नाही, बाजूला सरकतो. नांगराच्या फाळानं माती दोन्ही अंगांना पडावी तसा. वर्कशॉपमध्ये अशा उचललेल्या धारेला बर म्हणतात. तिरप्या उजेडात ही बर इतकी चमकते की मधला चर दिसतच नाही आणि आपण खुशाल ‘उठावाची रेष आहे’ म्हणून मोकळे होतो. माझ्या त्या पाकिटातले बरेचसे ‘तडे’ हेच होते.

नाणं हातात किंचित डोलवत बघा. दोन बारीक धारा आणि त्यांच्यामध्ये दरी दिसली तर ओरखडा. एकच पाठ, तीही दोन्ही बाजूंना शांतपणे सपाटात उतरणारी, तर तो धातू डायमध्ये वर चढलेला. ओरखड्याला बहुतेक वेळा सुरुवात आणि शेवटही कळतो. जिथे टोक टेकलं तिथे खोल, जिथे उचललं तिथे निमुळतं, कधी शेवटाला सरकलेल्या धातूचा छोटासा ढीग.

अक्षराच्या पायथ्याशी काय होतं ते बघा

मला एकच खूण निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. रेष जिथे सपाट भागातून अक्षरावर किंवा चित्रावर चढते, त्या कोपऱ्यावर भिंग धरा.

एखादं टोकदार काही नाण्यावरून घसरत जातं तेव्हा अक्षराच्या भिंतीला ते आपटतं, उडी मारून माथ्यावर जातं आणि पलीकडे जरा लांब जाऊन खाली टेकतं. दगडावरून चाक उडावं तसं. त्यामुळे अक्षराच्या माथ्यावर चरा ठळक असतो, पलीकडच्या पायथ्याशी मात्र कोरी जागा सुटते. तिथला धातू अगदी अस्पर्श.

तड्याला अशी उडी मारायची गरज नाही. पोलाद फाटलंय ते सपाट भागातही आणि खळग्यातही. त्यामुळे रेष सपाटातून येते, अक्षराच्या भिंतीवर चढते, माथ्यावरून जाते आणि पलीकडे उतरून पुढे चालू लागते. माथ्यावर ती फिकी झालेली असेल, पण कोपऱ्यात तुटत नाही.

आणि तिसरी रेष असते पॉलिशची. ही फसवते, कारण तीही उठावाचीच असते. टांकसाळीत डाय घासून साफ करतात. कधी दोन डाय मध्ये चकती नसताना एकमेकींवर आपटतात आणि एकीवर दुसरीच्या नक्षीची छाप पडते, ती घालवायला घासतात. घासण्याचे ओरखडे डायवर पडतात, म्हणून नाण्यावर उठून येतात. पण घासणारा दगड डायच्या सपाट पृष्ठालाच लागतो, खळग्यात उतरत नाही. त्यामुळे नाण्यावर या रेषा सपाट भागापुरत्याच राहतात. अक्षराच्या पायाशी येऊन चाकूनं कापल्यासारख्या थांबतात आणि पलीकडे त्याच ओळीत पुन्हा सुरू होतात. बहुधा एकट्याही नसतात, पाचपन्नास समांतर असतात. घासणं हाताबाहेर गेलं तर नक्षीच पुसली जाते. १९३७ सालचं अमेरिकेतल्या डेन्व्हर टांकसाळीचं पाच सेंटचं नाणं त्यामुळेच प्रसिद्ध आहे: त्यावरच्या बायसनचा एक पुढचा पाय डाय घासण्यात गेला आणि तो तीन पायांवर उभा राहिला.

तर ओरखडा माथ्यावर ठळक आणि पायथ्याशी तुटलेला, पॉलिशची रेष पायथ्याशीच संपलेली, तडा दोन्हीकडे सलग. ही एक गोष्ट नीट बघितली की माझ्या अनुभवात दहातली आठ नाणी निकालात निघतात.

उठून आलेलं सगळंच तडा नसतं

तड्याची चाल ओळखीची असते. पोलाद तडकतं ते जिथे ताण साठतो तिथे: काठाजवळ आणि नक्षीच्या अणकुचीदार कोपऱ्यांत. म्हणून तडे बहुतेक काठातून आत येतात, किंवा अक्षरांचे माथे जोडत, आकड्याकडून आकड्याकडे जात राहतात. पट्टीनं आखल्यासारखे सरळ क्वचितच. नदीसारखे वळतात, मध्येच रुंद होतात, फाटा फुटतो. १८८८ सालच्या न्यू ऑर्लिन्सच्या एका डॉलरवर असा तडा लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, चेहऱ्यावरूनच गेलाय, म्हणून जमवणाऱ्यांनी त्याचं नाव ‘स्कारफेस’ ठेवलं. १८०७ च्या अर्ध्या डॉलरच्या एका प्रकाराला हनुवटीजवळच्या तड्यामुळे ‘दाढीवाली देवी’ म्हणतात.

आता सोंगं घेणाऱ्यांकडे वळू. डायवरच कशाचा तरी घाव बसला तर नाण्यावर जाड, आखूड, बऱ्यापैकी सरळ उंचवटा येतो. २००५ च्या डेन्व्हरच्या पाच सेंटवर बायसनच्या अंगातून भाला आरपार गेल्यासारखी रेष आहे, ती अशीच. तो तडा नाही, पण टांकसाळीतलीच चूक आहे, तेव्हा फेकून देऊ नका. डायचा बारीक टवका उडाला तर नाण्यावर ठिपका किंवा गोळा येतो. लिंकन सेंटवर, विशेषतः १९५० च्या दशकातल्या, लिबर्टी शब्दातल्या बी आणि ई यांच्यामध्ये असा टवका येऊन जादा आय अक्षर घुसल्यासारखं दिसतं.

काठाकडे पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या असंख्य बारीक रेषा म्हणजे धातूच्या वाहण्याच्या खुणा, जुन्या झालेल्या डायच्या. त्यांच्यामुळेच नव्या नाण्यावर ते फिरतं तेज दिसतं. त्यांना तडे समजून मोजत बसलेला माणूस मी पाहिलाय. तो मीच.

दोन डाय आपटल्यानं आलेली छाप ओळखायची तर मागची बाजू आठवा. मागच्या नक्षीची बाह्यरेषा पुढच्या बाजूवर आरशातल्यासारखी उलटी उमटते. विचित्र कमान किंवा तुटक वळण दिसलं की मागच्या चित्राशी ताडून बघा.

मुलामा दिलेल्या नाण्यांनी मला सर्वांत जास्त छळलंय. अमेरिकी सेंट १९८२ च्या मध्यापासून जस्ताचं झालं, वर तांब्याचा पातळ थर. थराखाली हवा अडकून फुगली की फोड येतो, आणि हे फोड कधी कधी एका दिशेत लांबट ओळीत येतात. उठावाची, सलग, अक्षरावरूनही जाणारी रेष! पण नीट पाहिलं तर तिची पाठ गुळगुळीत, फुगीर असते आणि आसपास तशीच समांतर भावंडं असतात. किरकोळ नाणं असेल तर लाकडी दातकोरणीचं टोक हलकेच दाबून बघा. फोड बसतो, तडा बसत नाही. चांगल्या नाण्यावर हा प्रयोग करू नका. याच नाण्यांत अक्षरांच्या काठाकडच्या अंगाला कधी काळसर रेघ दिसते. तिथे ठोक्याच्या ताणानं तांबं फाटून खालचं जस्त उघडं पडलेलं असतं. तोही तडा नाही.

आणि गोंद, लाख, वाळलेला चिकट थर. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणं नुसतं बुडवून ठेवा, खिडकी उघडी ठेवून आणि आसपास ज्योत नसताना. चोळायचं नाही. धातूची रेष राहते, बाकीचं निघून जातं. पुसायला कापड घेतलं की नवे ओरखडे तुम्हीच पाडाल.

खाली गेलेलं सगळंच नुकसान नसतं

ठोका पडताना डाय आणि चकतीच्या मध्ये दोरा, केस, तार असं काही आलं तर त्याचा ठसा नाण्यात खोल उमटतो. चर आहे, पण टांकसाळीतला. त्याला बर नसते. कडा गोलसर असतात, रुंदी सगळीकडे एकसारखी, आणि वळणं अशी की हातानं ओरखडा काढताना तशी येणं अवघड. माझ्या ३१ मधलं एक असं होतं. मी ते आधी ओरखड्यांच्या ढिगात टाकलं होतं. नंतर चराच्या तळाशी दोऱ्याचा पीळ दिसला.

जुन्या चांदी-सोन्याच्या नाण्यांवर कानशीच्या समांतर खुणा असतात. चकती वजनाला जड भरली की ठोका मारण्याआधी ती घासून हलकी करत. या खुणांवर नंतर ठोका पडलेला असतो, म्हणून त्या ठिकठिकाणी दबून अर्धवट पुसलेल्या दिसतात. ताज्या ओरखड्यासारख्या नक्षीला चिरत जात नाहीत.

हातोड्यानं पाडलेल्या प्राचीन नाण्यांच्या कडा फाटलेल्या असतात. तो मात्र खरोखरच नाण्याला गेलेला तडा, डायला गेलेला नव्हे. नाणं उभं धरून कड बघा, भेग जाडीत आरपार दिसेल.

मळ कुठे बसलाय

वापरलेल्या नाण्यावर मळ फुकटात मदत करतो. चरात तो मधोमध बसतो: एक काळी रेघ. तड्याच्या उंचवट्यावर टिकत नाही, दोन्ही कुशींना साठतो: मध्ये उजळ पाठ, दोन बाजूंना दोन काळ्या रेघा. रंगही बघा. तड्याचा धातू आसपासच्या धातूबरोबरच जन्मलेला, म्हणून त्याच्यावर चढलेली झाकही तीच. काळवंडलेल्या नाण्यावर एकच रेष लखलखतेय म्हणजे ती कालपरवाची. उलटं मात्र धरू नका. जुना ओरखडाही काळवंडतो.

काठावरचा गोळा

तडा वाढत जाऊन काठाजवळचा डायचा तुकडाच निघून गेला की नाण्यावर त्या जागी नक्षीऐवजी नुसता बेढब गोळा येतो. इंग्रजीत त्याला ‘कड’ म्हणतात. आपल्या भाषेत कड म्हणजे काठच, त्यामुळे हा शब्द लक्षात ठेवायला कष्ट पडत नाहीत. इथे तपासणी सोपी आहे. गोळ्याची जागा चिमटीत धरा आणि नाणं उलटवा. बरोबर त्या जागेची मागची नक्षी पुसट असायला हवी. समोर पोलादच नव्हतं, तर तिथला धातू मागच्या डायच्या खळग्यात दाबून जाणार कसा? मागची अक्षरं अगदी खणखणीत असतील तर तो गोळा कुणीतरी नंतर घडवलेला किंवा वरून चिकटवलेला असण्याची शंका घ्या.

दुसरं नाणं सापडलं तर

सगळ्यांत पक्का पुरावा म्हणजे तीच रेष, त्याच जागी, त्याच वळणांसह दुसऱ्या नाण्यावर. एका डायमधून खूप नाणी निघतात आणि तडा प्रत्येकावर उमटतो. आधीच्या नाण्यावर आखूड, नंतरच्यावर लांब. म्हणून एकाच वर्षाची, एकाच टांकसाळीची नाणी मी शेजारी शेजारी लावून बघतो.

इथे एक धोक्याची खूण आहे. उठावाची रेष दोन नाण्यांवर सारखी असणं चांगलं. पण खोल ओरखडा दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी, त्याच आकाराचा दिसला तर दोन्ही नाणी बाजूला ठेवा. नकली नाण्यांची डाय पुष्कळदा एखाद्या खऱ्या नाण्यावरूनच बनवतात. त्या मूळ नाण्याला पडलेला चरा डायवर उंचवटा होतो आणि प्रत्येक नकली नाण्यावर पुन्हा चरा होऊन उतरतो. रस्त्यावरची दोन नाणी एकाच जागी एकसारखी खरचटत नाहीत.

पाकिटातल्या त्या ९ पैकी एकावर तडा फक्त दोन अक्षरं जोडण्याइतका होता, इतका बारीक की मी तो दोनदा बाद करून परत आत घेतला होता. पुढे एका मिश्र ढिगात त्याच वर्षाचं नाणं मिळालं. तीच दोन अक्षरं, तेच किंचित डावीकडे झुकणारं वळण, पण इथे रेष तिसऱ्या अक्षरावरून काठापर्यंत पोचलेली, आणि काठाशी धातू जरासा फुगलेला. आता दोन्ही एकाच पाकिटात आहेत. गोळा पडलेलं तिसरं शोधतोय.